निवेदकाचं पॅकिंग

कॉम्प्युटर कसा बांधायचा हे मला कोणी शिकवू नये. मी घरबसल्या छपाईची पानं लावायचं काम केलेलं आहे, हा कॉम्प्युटर माझ्या कमाईतला आहे आणि त्याच्या पोटात काय काय आहे ते मला स्वयंपाकघरातल्या फडताळापेक्षा जास्त पाठ आहे. तरीही त्या दिवशी सकाळी माझे थोरले दीर बबल रॅपचं भलंमोठं भेंडोळं काखोटीला मारून दारात उभे राहिले आणि आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाले, "एक लक्षात ठेव, मॉनिटर आडवा ठेवायचा नसतो."

"बरं झालं सांगितलंत, भाऊजी," मी म्हणाले. "मी तो घडी घालून ठेवणार होते."

त्यांना विनोद कळत नाही. माझ्या नवऱ्याला कळतो, पण भावासमोर हसायची त्याची छाती होत नाही. तो चिकटपट्टीचं टोक शोधत बसला होता. लग्न झाल्यापासून घरात काहीही पेटलं की तो असलंच काहीतरी शोधत बसतो.

नवऱ्याची बदली झाली होती. तिकडे कंपनी एकच खोली देणार होती, म्हणून हे भाड्याचं घर सोडायचं, मावणार नाही ते सामान गोदामात टाकायचं आणि सासूबाईंनी थोरल्याकडे जायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे दोघा भावांनी फोनवर ठरवलं होतं. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी दोन्ही हात वर करून हो म्हटलं असतं. माझं आणि सासूबाईंचं एक दिवस धड पटलेलं नाही. एका खोलीत आम्ही दोघंच, आणि माझ्या प्रत्येक भांड्याच्या आवाजाला कोणाची टीका नाही, या कल्पनेनेच मला आठवडाभर बरं वाटत होतं.

फक्त एक गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नव्हती. सासूबाई थोरल्याकडे जाणार होत्या आणि कॉम्प्युटर गोदामात जाणार होता.

तो कॉम्प्युटर म्हणजे सासूबाईंचं तोंड होतं. झटका आला त्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं शाबूत राहिलं, आणि स्वभाव तर अगदी कोरा करकरीत राहिला. कित्येक महिने त्या चाकाच्या खुर्चीत नुसत्या बसून असायच्या. भेटायला येणारे त्यांच्यादेखत मला विचारायचे, "जेवतात का नीट? कळतं का त्यांना?" की त्या डाव्या हाताने माझ्या मनगटाला कचकन चिमटा काढायच्या. प्रश्न पाहुण्यांनी विचारायचा आणि वळ माझ्या हातावर उठायचा. शेवटी वैतागून मी त्यांना माझ्या टेबलाशी आणून बसवलं, मोठ्या बटणांचा कीबोर्ड लावला आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय चालू केली. डाव्या हाताच्या एका बोटाने त्या लिहायला शिकल्या. आवाज मात्र पुरुषाचा होता, सपाट, गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या माणसासारखा. आम्ही त्याला निवेदक म्हणायला लागलो.

निवेदकाचं पहिलं वाक्य ऐकायला सगळं घर जमलं होतं. नवऱ्याने रुमाल हातात काढून ठेवला होता. सासूबाईंनी बराच वेळ टकटक केलं आणि निवेदक म्हणाला, "हिच्या चहाला चव नसते."

रुमाल परत खिशात गेला. मी त्या दिवशी इतकी चिडले, की दुसऱ्या दिवशी चहाच केला नाही. पण खरं सांगते, चिमट्यांपेक्षा ते बरं होतं. त्या बोलायच्या, मी उलट बोलायची, त्या पुन्हा टकटक करायच्या. आमचं भांडण पुन्हा रुळावर आलं होतं.

थोरल्यांच्या घरी मात्र निवेदक नको होता. त्याचं कारण जाऊबाई. मागे एकदा त्या आपल्या मैत्रिणींना घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. "आईंना आम्ही डोळ्यांत तेल घालून जपतो," असं म्हणत त्या सासूबाईंच्या खांद्यावरून हात फिरवत होत्या, तेवढ्यात निवेदक म्हणाला, "ही पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखी जाते." मैत्रिणी कपात बघत बसल्या. तेव्हापासून जाऊबाईंनी आमचा उंबरा ओलांडला नाही, आणि सासूबाईंना न्यायची वेळ आली तेव्हा निरोप पाठवला, की आईंना आणा, कॉम्प्युटर आणू नका, आमच्याकडे जागा नाही. त्यांच्या एका खोलीत व्यायामाची सायकल आहे आणि तिच्यावर कपडे वाळत असतात. त्या सायकलला जागा होती.

मी फोनवर भाऊजींना म्हटलं होतं, की सासूबाईंना मोबाईलवर लिहिता येत नाही, बोट थरथरतं, एकाच्या जागी दोन अक्षरं उठतात. ते म्हणाले, "अगं, इशाऱ्यांनी कळतं सगळं. आणि कॉम्प्युटर गोदामात सुरक्षित राहील. उगाच घरात धूळ बसते."

तर अशी ती सकाळ. समोरच्या खोलीत खोक्यांच्या राशी, भिंतींवरून उतरवलेल्या चित्रांचे चौकोनी डाग, आणि टेबलाशी सासूबाई. उठल्यापासून त्यांचं बोट थांबलं नव्हतं. निवेदक एकामागून एक घोषणा करत होता.

"पडद्यांचं खोकं उघडं राहिलं आहे."

"धाकटा नुसता बसला आहे."

"थोरल्याचं पोट सुटलं आहे."

भाऊजी लाल झाले. "आधी स्पीकर काढ त्याचा," ते मला म्हणाले.

"आधी कॉम्प्युटर बंद करतात. मग वायरी काढतात."

"मग कर बंद."

"त्या लिहितायत."

ते स्वतःच वाकले आणि त्यांनी स्पीकरची वायर ओढली. निवेदक "मला त्या" एवढं म्हणाला आणि गप्प झाला. सासूबाईंचं बोट थांबलं नाही. पडद्यावर अक्षरं उमटत राहिली, आणि मी मागे उभी होते तशीच वाचत राहिले. 'मला त्या घरात मुकी करून नेऊ नका.' भाऊजींनीही वाचलं. मी त्यांचे डोळे ओळीवरून शेवटापर्यंत जाताना पाहिले. मग त्यांनी मॉनिटरचं बटण दाबलं आणि म्हणाले, "चला, टेम्पो येईल इतक्यात."

हा मायलेकांचा मामला आहे, आपण आपलं काम करावं, असं स्वतःला बजावलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, की मी मध्ये पडले तर सासूबाई माझ्याच गळ्यात पडतील.

आणि मी काम केलं, नीट केलं. सगळं रीतसर बंद केलं. मागच्या वायरींचा फोटो काढला, प्रत्येक वायरीला कागदी पट्टी लावून तिच्यावर आणि तिच्या भोकाशी एकच आकडा लिहिला. वायरी सैल गुंडाळल्या, कारण करकचून बांधल्या की आतून तुटतात. सीपीयूची एक बाजू उघडली, जड ग्राफिक कार्डाची खिट्टी दाबून ते अलगद उपसलं आणि ते आलं होतं त्याच चंदेरी पिशवीत घातलं. ते जागेवर ठेवून खोकं आदळलं तर खालची खाच मोडते. मग मॉनिटरच्या काचेसाठी मऊ कापड आणायला आत गेले. परत आले तर भाऊजी गुडघ्यांवर बसून उघड्या सीपीयूमध्ये कागदाचा चुरा कोंबत होते.

इथे आमच्या सासरचा धंदा सांगायला हवा. त्यांचं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान होतं. ते विकून टाकलं, पण दोघा भावांच्या हातातून ते अजून गेलेलं नाही. कपात कागद, किटलीत कागद, आत पोकळी राहिली की माल फुटला, एवढं एकच पॅकिंग त्यांना येतं. भाऊजींना सीपीयूत पोकळी दिसली होती.

"अहो, काय करताय हे!" मी किंचाळलेच.

"पोकळी आहे आत. हादरे बसतील."

"किटली आहे का ती? आत पंखे आहेत! हा चुरा पंख्यात अडकला की संपलं सगळं!"

"आमच्या हातून गेलेला माल आजवर फुटलेला नाही."

"कारण तुमचा माल विजेवर चालत नव्हता!"

नवऱ्याला चिकटपट्टीचं टोक सापडलं होतं, पण आमचा आवाज ऐकून त्याच्या हातून ते पुन्हा सुटलं. मी चिमटा घेऊन पंख्याच्या पात्यांतून एकेक तुकडा उपसत बसले. सासूबाईंनी नाकातून एक आवाज काढला. त्या हसत होत्या. त्यांना कोणाचं हसू आलं ते मला कळलं नाही, बहुधा दोघांचंही आलं असावं.

कीबोर्ड अजून त्यांच्या मांडीवर होता. वायर केव्हाच निघाली होती, तरी त्या टकटक करत होत्या. भाऊजींनी हात पुढे केला. सासूबाईंनी कीबोर्ड पोटाशी धरला. मग भाऊजी खुर्चीशेजारी बसले आणि अगदी हळुवारपणे त्यांनी आईचं एकेक बोट सोडवलं. "आई, मी नीट ठेवतो गं. ओरखडा नाही पडू देणार त्याला." शेवटचं बोट सुटलं आणि त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे दिला.

मी तो बबल रॅपमध्ये गुंडाळला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या प्लास्टिकच्या फळीला तीन पदरी बबल रॅप, मॉनिटरला मऊ कापड, कोपऱ्यांना थर्माकोल, ओल धरू नये म्हणून पुड्या. यंत्राची एवढी काळजी घेणारा माणूस त्याच हाताने स्वतःच्या आईचं तोंड बंद करून खोक्यात घालत होता, आणि त्यासाठी त्याने बांधाबांधीचं सामानही घरून आणलं होतं. मला त्यांचा राग आला आणि त्यांना मदत करणाऱ्या माझा त्याहून जास्त आला.

खोकं भरलं. मग भाऊजींनी एक चूक केली, जी त्यांच्या घराबाहेरच्या कोणीच केली नसती. दुकानात एक नियम होता. बांधलेलं खोकं आधी सासूबाईंसमोर यायचं, त्या ते डुलवायच्या, कान लावायच्या, आणि 'जाऊ दे' म्हणाल्या तरच ते दुकानाबाहेर पडायचं. आत काही वाजलं तर पुन्हा उघडायचं. सासरे हयात होते तेव्हा त्यांनीही कधी तो शब्द मोडला नाही. दुकान गेल्यावरही घरातून साधी भेटवस्तू पाठवायची असली तरी हाच रिवाज. तेव्हा भाऊजींनी सवयीने, आणि आईची समजूत काढावी म्हणूनही, खोकं उचलून स्टुलावर ठेवलं आणि खुर्ची पुढे ढकलली. "आई, तू बघ एकदा. मग हलवतो."

"अहो, कॉम्प्युटर हलवून बघायचा नसतो!" मी म्हणाले. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

सासूबाईंनी डावा हात खोक्यावर ठेवला, मान तिरपी केली, डोळे मिटले आणि खोकं डुलवलं. मग डोळे उघडून मान हलवली. नाही.

"बघितलंस?" भाऊजी मला म्हणाले. "अजून कान तसाच आहे." त्यांनी मोठ्या अभिमानाने खोकं उघडलं, चारी बाजूंनी थर्माकोलचे तुकडे ठासले, पुन्हा मिटवलं. सासूबाईंनी पुन्हा डुलवलं. नाही.

आता भाऊजींच्या कपाळावर आठी आली. त्यांनी स्वतः कान लावला. "काही वाजत नाही." नवऱ्याला बोलावलं. त्याने खोकं डुलवलं, आधी भावाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पुटपुटला, "मला तरी नाही ऐकू आलं." सासूबाईंनी आपला तळवा खोक्यावर सपाट दाबून धरला आणि आपल्या थोरल्या मुलाकडे टक लावून पाहत मान हलवत राहिल्या. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"आई, पुरे झालं हं आता," भाऊजी म्हणाले. त्यांनी आईचा हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला, नवऱ्याकडून चिकटपट्टी हिसकावली आणि खर्रकन ओढली.

मी पुढे झाले आणि खोकं डुलवलं. आत हूं का चूं नव्हतं. असणार कसं, मी भरलं होतं.

"वाजतंय," मी म्हणाले.

"काय?"

"वाजतंय. मला ऐकू आलं. त्यांनी नाही म्हटलंय, तर हे खोकं जाणार नाही. तुमचाच नियम आहे."

भाऊजींनी चिकटपट्टी खाली आपटली. "तू कशाला मध्ये पडतेस? तू सुटतेयस ना? मग सूट की!"

"हो, सुटतेय. नाचत सुटणार होते. पण या बाईशी मी इतकी वर्षं भांडले, ती तोंड असलेली बाई आहे. तिला मुकी करून पाठवली तर मी जिंकले असं होत नाही, भाऊजी. मी पळाले असं होतं."

"तुला तिचं बोलणं ऐकायची हौस आहे. मला नाही!" ते ओरडले. त्यांचा आवाज रिकाम्या खोलीत फार मोठा झाला. "मी लहानपणापासून ऐकत आलोय. काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर, पाहुण्यांसमोर, माझ्या बायकोसमोर. 'एक गोष्ट कधी धड केली नाहीस, धाकटा बघ, अमका बघ.' कुठे शांत झाली होती, कुठे मला तिच्याजवळ बसवत होतं, तर तू तिला परत बोलती केलीस!"

"दादा," नवरा म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे सगळ्यात मोठं भाषण.

मी खोकं उघडलं. भाऊजींनी अडवलं नाही. सामानाच्या दोन खोक्यांवर मी मॉनिटर ठेवला, कार्ड खाचेत बसवलं, आकडे बघून वायरी जोडल्या, कीबोर्डचे तिन्ही पदर फाडून काढले आणि तो सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. कॉम्प्युटर जुना आहे, चालू व्हायला वेळ घेतो. खाली हॉर्न वाजत होता आणि आम्ही चौघं त्या काळ्या पडद्याकडे बघत होतो. भाऊजींना जायचं असतं तर जाता आलं असतं. ते थांबले.

सासूबाईंनी लिहायला घेतलं. एक बोट, एक अक्षर. त्या थोरल्याला सोलून काढणार, अशी माझी खात्री होती. भाऊजींचीही असावी, कारण त्यांनी खांदे आवळून घेतले होते.

निवेदक म्हणाला, "मलाही गोदामात ठेवा. नीट बांधा."

गाडी उशिरा येणार आहे हे सांगावं, त्याच सुरात तो म्हणाला. भाऊजींचे डोळे भरून आले होते की रागाने लाल झाले होते ते मला कळलं नाही, आणि विचारायची इच्छाही नव्हती. ते धाकट्याला म्हणाले, "तूच ठेव दोघांना. तिला आणि त्या निवेदकाला." मग बबल रॅपचं उरलेलं भेंडोळं तिथेच टाकून ते जिना उतरले. थोड्या वेळाने टेम्पोवाल्याशी त्यांचं मोठ्याने काहीतरी झालं आणि त्यांची गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

"आता?" नवऱ्याने विचारलं.

मी त्याला गप्प बस म्हणाले आणि खोक्यावर बसून रडले. दया येऊन वगैरे नाही, निव्वळ संतापाने रडले. आठवडाभर ज्या खोलीची मी स्वप्नं पाहिली होती, ती मी स्वतःच्या हातांनी घालवून बसले होते, आणि तीही अशा बाईसाठी, जिला माझ्या हातचा चहासुद्धा गोड लागत नाही. डोळे पुसले आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"आमच्याबरोबर येणार का, आई?" मी विचारलं. "खोली एकच आहे."

त्यांनी नको म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्या मानी आहेत, म्हणतीलही, आणि मग मी विचारल्याचं पुण्यही पदरात पडेल आणि खोलीही राहील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

"तुझ्याकडे राहायला मला आवडत नाही," निवेदक म्हणाला.

"मलाही तुम्ही आवडत नाही," मी म्हणाले.

बोट पुन्हा चालू झालं. आधीच्यापेक्षा भरभर.

"टेबल खिडकीजवळ ठेव," निवेदक म्हणाला.

त्या खोलीला खिडकी एकच होती, आणि तिच्याजवळ आमचा पलंग येणार होता.